दोन फुटांची फट

क्रांती कुठल्याही नव्या जागेत गेली की पहिल्यांदा एक टाळी वाजवायची. हॉटेल असो, मंगल कार्यालय असो, नाहीतर कुणाच्या नव्या घरचं जेवण असो. दारातून आत पाऊल टाकलं की फाडकन टाळी, आणि मग मान तिरकी करून ती उभी. आवाज कुठं जातो, किती वेळ घुमतो, ऐकत. मामेबहिणीच्या लग्नात तिनं असंच केलं, तर वाढप्याला वाटलं पंगतीतून कुणीतरी बोलावतंय. तो भाताचं पातेलं घेऊन पळत आला. तेव्हापासून पाहुण्यांत तिचं नाव 'टाळीवाली' पडलं ते पडलंच.

दुकानं, ऑफिसं, दवाखाने आतून कसे असावेत हे ठरवणं हा तिचा धंदा. कुठली भिंत कशाची, कुठल्या खुर्चीला कुठलं कापड, छताला काय, दाराला काय, हे सगळं ती कागदावर मापासकट लिहून द्यायची. रंग आणि दिवे सगळ्यांनाच कळतात हो. आवाजाचं मात्र कुणालाच काही पडलेलं नसतं, आणि क्रांतीचा सगळा जीव त्या आवाजात. आता कोल्हापुरात आवाज कमी करायचं सामान खपवायचं म्हणजे काय सांगावं! हितं माणूस शेजारच्याशी बोलतो तेच मुळी पलीकडच्या गल्लीला कळावं म्हणून. एका शोरूमवाल्यानं तिला तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, आवाज घुमू दे की! चार गिऱ्हाईक आल्यागत वाटतंय." तिनं हसून घेतलं आणि त्याच्या हातात छताच्या पट्टीचा नमुना ठेवला. त्यानं तो पेपरवेट म्हणून वापरला.

सामानाची पारख तिला आली ती वडिलांकडून. बाळासो मिस्त्री, घरात सगळे त्यांना आण्णाच म्हणायचे. चाळीस वर्षं सुतारकाम. गल्लीतल्या विहाराची लाकडी कमान त्यांच्याच हातची. रंधा मशीनच्या आवाजानं डावा कान पार गेलेला, पण लाकडावर बोटानं टकटक केली की आत पोकळ आहे का भरीव, हे उजव्या कानाला अजून बरोबर कळायचं. लेक शिकून डिझायनर झाली आणि तिची कामं आण्णाच करायला लागले. साइटवर ती त्यांना मापं सांगायची, ते तिला अक्कल सांगायचे. दोघांचं बरं जमायचं.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोटाचे डॉक्टर राजवीर यांनी राजारामपुरीत स्वतःचं हॉस्पिटल काढलं आणि पहिल्या मजल्याचं काम क्रांतीला दिलं. तिचं हे पहिलंच मोठं काम. बाहेर थांबायची जागा, डॉक्टरांची खोली, पलीकडं दिवसभर सलाईन लावून बसायचा बारा खुर्च्यांचा वॉर्ड. डॉक्टरांच्या खोलीबद्दल क्रांतीनं कागदावर तांबड्या शाईनं लिहिलं होतं. भिंती वरच्या स्लॅबला भिडवायच्या. दोन्ही अंगांनी जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर, मध्ये आवाज अडवणारं ग्लासवूल. दार भरीव, खाली रबराची पट्टी. आणि बाहेरच्या खुर्च्या या भिंतीला लागून अजिबात नकोत. कारण साधं होतं. त्या खोलीत माणसाला त्याच्या जिवाबद्दल सांगतात. ते त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी ऐकायचं नसतं.

पण एसीवाला आडवा आला. त्याचा गार हवा नेणारा पत्र्याचा डक्ट नेमका त्या भिंतीवरून गेलेला. भिंत वर नेली तर डक्ट कापायचा, नवा तुकडा करून आणायचा, आठ दिवस जास्त. आणि उद्घाटनाच्या पत्रिका तर गावभर वाटून झालेल्या. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच थांबवू. वर छतात कोण बघतंय? पेशंट खालीच बसणार ना?"

क्रांती एक दिवस भांडली, दुसऱ्या दिवशीही भांडली. तिसऱ्या दिवशी तिनं बदललेल्या नकाशावर सही केली. तिची बाजू घ्यायची म्हटली तर घेता येईल. मालकच नको म्हणतोय तर ती तरी काय करणार? पण खरं सांगायचं तर ती दमली होती, आणि पहिलं मोठं काम हातचं जाईल या भीतीनं तिनं सही केली. मग बाकीचंही घसरतच गेलं. छताला आवाज शोषणाऱ्या पट्ट्या लिहिल्या होत्या, त्याजागी पुसायला सोप्या म्हणून चकचकीत प्लॅस्टिकच्या आल्या. डॉक्टरांना समोर माशांची मोठी काचपेटी पाहिजे होती, म्हणून खुर्च्या सरकत सरकत त्याच भिंतीला लागल्या.

आण्णा शिडीवर होते. भिंत आणि स्लॅब यांच्यामध्ये राहिलेल्या फटीत हात घालून त्यांनी स्लॅब चाचपली आणि खाली बघून म्हणाले, "क्रांते, ही भिंत न्हवं. ह्यो पडदा हाय."

"आण्णा, वर कोण बघतंय?" क्रांती म्हणाली. डॉक्टरांचंच वाक्य तिच्या तोंडून आलं, आणि आण्णांनी भिंतीच्या वरच्या कडेला पट्टी मारली.

काम संपलं त्या संध्याकाळी दोघांनी परीक्षा घेतली. क्रांती आत डॉक्टरांच्या खुर्चीवर, आण्णा बाहेर. बाहेरच्या एकेका खुर्चीवर बसत ते पुढं सरकले. चार खुर्च्यांवर नुसती गुणगुण. कोपऱ्यातल्या शेवटच्या खुर्चीवर बसले तेव्हा क्रांती अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "आण्णा, उद्या मटण आणायचं का?"

बाहेरून आण्णांचा आवाज गरजला, "आण की! अर्धा किलो बास!"

तेव्हा दोघंही पोट धरून हसली. पुढं क्रांतीनं त्या कोपऱ्यात खुर्चीऐवजी एक झाडाची कुंडी ठेवायला लावली. महिनाभरात गर्दी वाढली, कुंडी गच्चीवर गेली आणि खुर्ची परत आली.

यंदा उन्हाळ्यात आण्णांचं पोट दुखायला लागलं. जेवण कमी झालं, पॅन्ट ढगळ झाली. पोटाचा डॉक्टर म्हटलं की गावात राजवीरांशिवाय दुसरं नाव कुणी घेत नव्हतं, शिवाय ओळखीचे. दुर्बिणीनं तपासून झालं, तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट यायच्या आदल्या दिवशी क्रांतीची आई, धोंडुबाई, तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.

"मी सांगतो ते नीट ऐक. रिपोर्टात काय बी येऊ दे. ह्यांना कळता कामा न्हाय."

"आई, आजकाल असं लपवत न्हाईत."

"तुला ज्ञानूभावजींचं म्हाईत न्हाय व्हय?"

क्रांतीला माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं. आण्णांचे थोरले भाऊ ज्ञानू, पैलवान माणूस. डॉक्टरनं त्यांना समोर बसवून सगळं खरं सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन ते भिंतीकडं तोंड करून झोपले ते परत उठलेच नाहीत. औषध ओठाला लावू देईनात, अन्नाचा घास घेईनात. महिन्यात आटोपलं सगळं.

"भावजी रोगानं न्हाय गेले, हाय खाऊन गेले," धोंडुबाई म्हणाली. "ह्यांनी हाय खाल्ली तर औषध काय करंल, डॉक्टर काय करंल? माझी शपथ हाय तुला."

आता आईची शपथ म्हटल्यावर कोण काय बोलणार!

दुसऱ्या दिवशी क्रांती आण्णांना घेऊन हॉस्पिटलात गेली. ती फट तिच्या डोक्यात होतीच. तिनं आण्णांना पार पलीकडं, माशांच्या पेटीजवळ बसवलं. रिसेप्शनवरच्या श्रुतीला टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला. शिवाय आण्णांचा डावा कान गेलेला. एवढी सगळी तयारी करून ती आत गेली आणि दार नीट लावून घेतलं.

डॉक्टरांचा आवाज मुळातच मोठा. "क्रांती मॅडम, गाठ चांगली नाही. लिव्हरपर्यंत गेलीय."

क्रांतीनं झटकन भिंतीच्या वर बघितलं. तिनं हातानं खूण केली, हळू, हळू. डॉक्टरांनी आवाज थोडा उतरवला. ऑपरेशनचा उपयोग नाही. सलाईनमधून औषध द्यायचं, तीन आठवड्यांनी एकदा. त्यानं वर्ष निघेल, नशीब असेल तर दीड.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली.

"मॅडम, शरीर त्यांचं आहे. त्यांना कळायला हवं."

"डॉक्टर, ते हाय खातील. आमच्या काकांचं तसंच झालं." तिनं अक्षरशः हात जोडले. "पाया पडते. जुना अल्सर आहे म्हणा." डॉक्टर पेनाचं टोपण लावत म्हणाले, "तुमची इच्छा."

ती बाहेर आली तेव्हा आण्णा माशांजवळच होते. काचेला नाक लावून बघत होते. तिचा जीव भांड्यात पडला.

"त्यो एक मासा आजारी हाय बग," आण्णा म्हणाले. "तिरका पवतोय. काय म्हणाला डॉक्टर?"

"जुना अल्सर हाय म्हणाले. सलाईन घ्यायला लागंल तीन-तीन आठवड्यानं."

"मग घेऊ की," आण्णा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि पुढंही सोपंच गेलं, म्हणजे वरवर तरी. आण्णा सलाईन घ्यायला जायचे, उलट्या काढायचे, दोन दिवसांनी उठून परत वर्कशॉपात जाऊन तासभर बसायचे. केस गेले तर म्हणाले, औषध गरम पडलं वाटतं, आणि टोपी घातली. जेवताना धोंडुबाई समोर बसली की अर्धी भाकरी जास्त खायचे. ती उठून गेली की ताट सारायचे. धोंडुबाई क्रांतीला कोपऱ्यात घेऊन म्हणायची, "बघ, कळलं न्हाय म्हणूनच टिकल्यात. मी सांगितलं व्हतं का न्हाय?" क्रांती मान हलवायची. आईच्या तोंडावरचं ते समाधान बघितलं की तिलाही वाटायचं, आपण केलं ते बरंच केलं.

पाचव्या सलाईनच्या दिवशी ती औषधं आणायला खाली गेली होती. परत वर आली तर आण्णा आपल्या सलाईनची वाट बघत बाहेर बसलेले. गडहिंग्लजकडची एक म्हातारी बाई तिच्या लेकासोबत आलेली. लेक डॉक्टरांकडं आत गेला आणि ती जाऊन कोपऱ्यातल्या त्या खुर्चीवर बसली. आण्णा ताडकन उठले. अंगात त्राण नसलेला माणूस, पण लगबगीनं तिच्याजवळ गेले.

"आक्का, तिथं बसू नगा. पाय मोडलाय खुर्चीचा. हिकडं या, पंख्याखाली."

म्हातारी उठली. आण्णांनी तिला हाताला धरून माशांजवळ आणून बसवलं आणि कुठलं गाव, पाऊसपाणी काय म्हणतंय, असं मोठमोठ्यानं विचारायला लागले. क्रांती जिन्याजवळच थबकली. त्या खुर्चीचा पाय मोडला नव्हता. मोडणं शक्यच नव्हतं, कारण तिथल्या खुर्च्यांना सुटे पायच नव्हते, सगळी रांग एकाच लोखंडी दांड्यावर बसवलेली, आणि तो दांडा तिनंच निवडला होता.

ती श्रुतीच्या टेबलाशी गेली. "श्रुती, आण्णा नेहमी असं करतात?"

"नेहमीच की ताई. कुणालाच बसू देत न्हाईत तिथं. कुणाला म्हणतात पाय मोडलाय, कुणाला म्हणतात वरनं पाणी गळतंय. मला वाटलं मिस्त्री माणूस, असंल काहीतरी." श्रुती हसली. "पहिल्या दिवशी मात्र स्वतःच बसलेते बघा. तुम्ही आत गेला आणि काका लगेच उठून तिथं गेले. मी म्हटलं, काका, तिथनं टीव्ही दिसत न्हाय. तर तोंडावर बोट ठेवलं. तुमची खुर्ची सरकल्याचा आवाज आला तसं परत माशांजवळ येऊन बसले."

क्रांतीनं टेबलाची कड घट्ट धरली.

म्हणजे पहिल्या दिवसापासून. लिव्हर, वर्षाची मुदत, सगळं. आणि तिचं हात जोडणंसुद्धा. ते हाय खातील, पाया पडते, अल्सर म्हणा, हे सगळं आण्णांनी त्या कोपऱ्यात बसून उजव्या कानानं ऐकलं होतं, आणि ती बाहेर आल्यावर विचारलं होतं, काय म्हणाला डॉक्टर. आणि तिनं त्यांच्या तोंडावर खोटं सांगितलं होतं. किती सहज म्हणाले होते, मग घेऊ की! देवा, किती सहज! क्रांती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि रडली. नळ सोडला कारण त्या भिंतींचंही तिला माहीत होतं.

आण्णांना ती काही बोलली नाही. काय बोलणार? मला कळलंय की तुम्हाला कळलंय, असं म्हणायचं? मग आईच्या शपथेचं काय करायचं? ज्या गोष्टीवर तिचा थोडाफार ताबा होता तिच्या मागं ती लागली. डॉक्टरांकडं जाऊन म्हणाली, "भिंत वर नेऊया. माझ्या खर्चानं करते. चार दिवस द्या."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी नीट ऐकून घेतलं. फट आहे, आवाज बाहेर जातो, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. पण मग ते म्हणाले, "मॅडम, पलीकडं रोज बारा जण औषध घेतायत. साध्या सर्दीशी लढायची ताकद नाही त्यांच्यात. बोर्ड कापायचा म्हणजे धूळ. तुम्हीच सांगा, धूळ वॉर्डात जाणार नाही याची खात्री देता का?"

क्रांतीनं वर बघितलं. डक्ट एकच होता. इकडची हवा तिकडं, तिकडची इकडं. प्लॅस्टिकचा पडदा लावला असता, रात्रंदिवस पुसून घेतलं असतं, पण ती पांढरी, पिठासारखी धूळ डक्टमधून आत जाणारच. त्या बारा जणांत एक खुर्ची आण्णांची होती.

"नाही देता येत," ती म्हणाली.

मग तिनं पुण्याहून एक छोटं यंत्र मागवलं. पंख्यासारखी बारीक घरघर करणारं. त्या घरघरीत बोलणं बुडून जातं. ते कोपऱ्यात वर लावलं. तिसऱ्या दिवशी पेशंटांनी तक्रार केली, डोकं उठतंय म्हणून, आणि कुणीतरी ते काढून कपाटात ठेवलं. खुर्ची काढा म्हणाली, तर श्रुती म्हणाली, "ताई, आधीच माणसं उभी असतात." एवढं सगळं शिकलेली, नुसत्या टाळीवर खोली ओळखणारी बाई, आणि दोन फुटांच्या फटीपुढं तिनं हात टेकले.

दिवाळी झाल्यावर पोटाचं स्कॅन झालं. रिपोर्ट घ्यायला जायच्या आधी क्रांतीनं डॉक्टरांना फोन केला. फोनवरच सांगा म्हणाली. डॉक्टर म्हणाले, असलं फोनवर सांगता येत नाही, फोटो दाखवावे लागतील. मग खाली गाडीजवळ भेटूया म्हणाली. दहा पेशंट थांबलेत, ते सोडून खाली कसा येऊ, म्हणाले. आण्णांना घरीच ठेवावं म्हटलं, तर ते आधीच टोपी घालून दारात उभे. "चल की. माशाला बघून येतो," म्हणाले. धोंडुबाई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली, आणि त्यांच्या पाठीमागून क्रांतीकडं बघून तिनं ओठावर बोट ठेवलं.

हॉस्पिटलात आण्णा शहाण्यासारखे माशांजवळ जाऊन बसले. क्रांतीनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी तिच्याकडं. "जा," ते म्हणाले. ती आत गेली. दार लावलं. भरीव दार, रबराची पट्टी, तिच्या कागदावरचं तेवढं एक जसंच्या तसं झालेलं. बाहेर खुर्ची किंचित करकरली. कुठली करकरली ते तिला न बघता कळलं.

डॉक्टरांनी स्क्रीन तिच्याकडं वळवला. या वेळी ते फार हळू बोलले, अगदी पुढं वाकून. "औषध लागू पडत नाहीये. पसरलंय सगळीकडं. आता सलाईन थांबवूया, त्यांना उगीच त्रास. दोन महिने. जास्तीत जास्त तीन."

क्रांती त्या काळ्या-पांढऱ्या फोटोकडं बघत राहिली. आणि मग तिनं काय करावं? शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी अशा आवाजात ती ओरडली, "मग बरं हाय की डॉक्टर! गाठ कमी आली म्हणजे बरंच झालं की!"

डॉक्टर दचकले. "मॅडम?"

"सलाईन बंद म्हणजे आता गरजच न्हाय म्हणा की! लई बरं झालं!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज खणखणीत होता. आयुष्यभर लोकांना आवाज कमी करायला सांगत आलेली बाई छताकडं तोंड करून ओरडत होती. डॉक्टरांनी तिची नजर जाते तिकडं वर बघितलं, भिंत संपते तिथं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घसा खाकरला आणि नाटकातलं पहिलंच वाक्य विसरलेल्या माणसागत म्हणाले, "हो... हो. सुधारणा आहे. चांगली सुधारणा आहे."

तिनं तोंड पुसलं, फाइल घेतली, मुद्दाम खुर्ची जोरात सरकवली, आणि मनात पाचपर्यंत आकडे मोजून बाहेर आली.

आण्णा माशांजवळ होते. थोडी धाप लागली होती.

"बरं हाय म्हणाले," क्रांती म्हणाली.

"व्हय," आण्णा म्हणाले. तिच्या खांद्यावर हात टेकून ते उठले. दोघं जिना उतरले, एकेक पायरी. खाली पोर्चमध्ये रिक्षाची वाट बघत उभे राहिले. समोरून शाळेच्या पोरांची गाडी गेली, गलका करत. तो गलका लांब जाईपर्यंत आण्णा थांबले.

"एवढं वरडून बोलालतीस कशाला?" ते म्हणाले. "डॉक्टर हळू बोलला. तरीबी ऐकू आलं की."

क्रांतीच्या हातातली फाइल खाली पडली. तिनं ती उचलली नाही.

"दोन म्हैनं म्हणाला न्हवं?"

"तीन, आण्णा," ती म्हणाली. "तीन म्हणाले. जास्तीत जास्त तीन."

"बरं. तीन तर तीन." त्यांनी टोपी नीट केली. "वरची फट किती ठेवलीती गं आपण?"

"दोन फूट."

"दोन फूट. लई झाली."

"माझ्यामुळं झालं आण्णा. मी सही केली. तुम्ही सांगत होता आणि मी..."

"गप. शिडीवर मी व्हतो. पट्टी मी मारली. एकटीनं न्हाय केलीस तू." मग म्हणाले, "एक काम कर माझं. मला म्हाईत हाय ह्ये तुझ्या आईला सांगू नगंस. ती म्हणत्या, कळलं न्हाय म्हणून मी टिकलोय. तिचं तेवढं ऱ्हाऊ दे. तिनं हाय खाल्ली तर मग मी काय करू?"

इतक्यात क्रांतीच्या हातातला फोन वाजला. आईचा होता. क्रांतीनं बघितलं, तिचा अंगठा हलेना. फोन वाजत राहिला. आण्णांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि उजव्या कानाला लावला.

"आगं, बरं हाय म्हणालाय डॉक्टर!" ते गरजले. पोर्चमधली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. "सलाईन बी बंद केली! व्हय... व्हय की. आता रडाय काय झालं? बरं हाय म्हणतोय न्हवं मी! येताना काय आणू?"

पलीकडून धोंडुबाई काहीतरी बोलली. आण्णांनी फोनवर हात ठेवला आणि क्रांतीकडं बघितलं.

"मटण आणा म्हणत्या," ते म्हणाले. "अर्धा किलो बास, न्हवं?"